सनद भिंतीवरून व्यवहारात यावी

आरोग्यव्यवस्था कशी सुधारावी हे तज्ज्ञांनीच सांगावे, असा आपल्याकडे समज आहे. जन आरोग्य अभियानासारख्या नागरी चळवळींनी तो खोटा ठरविला आहे. सरकारी आरोग्यसेवेवरील खर्च वाढवावा, आरोग्याचा हक्क कायद्याने मान्य करावा आणि खाजगी रुग्णालयांवर नियमन असावे, या त्यांच्या मागण्या आम्हांस सर्वस्वी वाजवी वाटतात.

राजस्थानने २०२३ मध्ये आरोग्यहक्काचा कायदा केला. महाराष्ट्राने मात्र वैद्यकीय आस्थापनांविषयीचा २०१० चा केंद्रीय कायदाही स्वीकारलेला नाही. आपली भिस्त १९४९ च्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्यावरच आहे. त्याच्या नियमांत २०२१ मध्ये सुधारणा होऊन रुग्णहक्कांची सनद व दरपत्रक दर्शनी जागी लावणे बंधनकारक झाले. दर किती असावा हे नियम सांगत नाहीत. तो आधी कळावा, एवढेच सांगतात. निदान एवढे तरी पदरात पडावे!

वाशी, नेरूळ व ऐरोली येथे पालिकेची रुग्णालये आहेत, ही जमेची बाजू होय. परंतु तेथे खाट न मिळालेला रोगी खाजगी रुग्णालयाच्या दारी येतो, तेव्हा घासाघीस करण्याची ती वेळ नसते. त्याच्या वतीने ते काम आधीच कोणी तरी केलेले असले पाहिजे. लहान शुश्रूषागृहांवर नियमांचा भार पडतो, हा डॉक्टरांचा आक्षेप अगदीच अनाठायी नाही. पण दरपत्रक लावण्यास खर्च तो किती?

नवी मुंबई महानगरपालिकेने रुग्णालयांची पाहणी करून तिचा अहवाल दरवर्षी जाहीर करावा आणि तक्रारनिवारणात नागरिकांस स्थान द्यावे. नागरिकांनीही प्रकृती धडधाकट असतानाच दरपत्रक मागण्याची सवय लावून घ्यावी. न मागितलेला हक्क कागदावरच राहतो.