घड्याळ कोणाचे खरे?

मुंबईत सूर्य दिसतो त्याच्या सुमारे अर्धा तास आधी तो आमच्या गोंदियात उगवलेला असतो. घड्याळ मात्र दोन्हीकडे एकच. भारतीय प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशाची. तिच्याशी आमच्या सूर्याचे जेमतेम नऊ-दहा मिनिटांचे अंतर, तर मुंबईच्या सूर्याचे 39 मिनिटांचे. 1906 मध्ये प्रमाणवेळ आली तरी मुंबईची स्वतंत्र वेळ 1955 पर्यंत टिकून होती.

आता वाद सूर्याचा राहिलेला नाही, सर्व्हरचा आहे. गोंदिया हा धानाचा जिल्हा. आधारभूत किमतीने धान विकायचे तर मुदतीत ऑनलाइन नोंदणी हवी, आणि मुदत संपली की नाही हे शेतकऱ्याच्या मनगटावरचे घड्याळ ठरवत नाही. ते ठरवतो दूर कुठला तरी संगणक.

असे बरेचसे संगणक लिनक्सवर चालतात. त्यांच्या आतला क्वार्ट्‌झचा स्फटिक तापमानाप्रमाणे मागेपुढे होतो. म्हणून ‘क्रोनी’सारखा प्रोग्रॅम खात्रीच्या घड्याळाला वेळ विचारतो, निरोपाच्या जाण्यायेण्याचा हिशेब धरतो आणि आपली वेळ जुळवतो. चालू घड्याळ थोडे पुढे गेले असेल, तर काटा मागे न ओढता चाल किंचित मंद करतो. बँकेत आयुष्य गेल्यामुळे यातले शहाणपण मला चटकन पटले. काटा मागे ओढला की नंतरची नोंद आधीची दिसू लागते, आणि रोजकीर्दीत भानगड व्हायला तेवढे पुरते.

खात्रीचे घड्याळ म्हणजे दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेतली अणुघड्याळे. एप्रिल 2022 मध्ये ‘सर्ट-इन’ने सरकारी कार्यालये, कंपन्या, डेटा सेंटर या सर्वांना या प्रयोगशाळेच्या किंवा राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या वेळेशी आपले सर्व्हर जुळवण्याचा आदेश दिला. जानेवारी 2025 मध्ये केंद्राने प्रमाणवेळ कायद्याने बंधनकारक करणाऱ्या नियमांचा मसुदाही काढला. ठीकच झाले. पण वेळ जुळली होती हे नागरिकाला दाखवायचे कोणी? आपले घड्याळ किती चुकत होते याची नोंद क्रोनी ठेवू शकतो. ती तंत्रज्ञाच्या कपाटात राहते.

चेक वेळेत आला की उशिरा, यावर काउंटरवर तंटा झाला तर खातेदार निदान भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवू शकत असे. नवेगावबांधच्या शेतकऱ्याला पडद्यावर ‘मुदत संपली’ एवढेच दिसते. त्याच्याखाली सर्व्हरची वेळ आणि ती प्रमाणवेळेशी शेवटची कधी जुळवली, ही एक ओळ छापायला सरकारला असा काय खर्च येणार आहे?