सिझर झालं आहे? मग पुढच्या वेळी सोनोग्राफी लवकर करा

तुमच्या घरात कुणाचं सिझर झालं आहे? मुलीचं, सुनेचं, तुमचं स्वतःचं? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या दर चार बाळंतपणांत एक सिझरचं निघालं. तेव्हा हे वाचाच.

पोटावरचे टाके सुकतात, बारसं होतं, सगळे विसरतात. पण आत गर्भाशयावरही व्रण असतो. बहुतेकींचा नीट भरतो, काहींच्या व्रणात खाच राहते. पुढचा गर्भ नेमका तिथेच रुजला, तर भिंत फाटू शकते. रक्त थांबत नाही, पिशवी काढावी लागते. कधी बाईच हातची जाते.

म्हणून दिवस राहिले की थांबू नका. पाळी चुकल्यावर दोन-तीन आठवड्यांतच सोनोग्राफी करा. स्वतःहून सांगा, ‘आधीचं सिझर आहे, गर्भ व्रणावर नाही ना, बघा.’ मूल नको असेल तरी आधी हेच करा. मेडिकलमधून गोळ्या आणून गुपचूप घेऊ नका! गर्भ व्रणावर असेल, तर त्या गोळ्यांनी घरातच रक्ताचा पाट वाहू शकतो. लवकर कळलं तर इंजेक्शन आहे, दुर्बिणीची शस्त्रक्रिया आहे, पिशवी बहुतेकदा वाचते.

पुढच्या महिन्यांत दुसरा धोका वारेचा. वार खाली, व्रणावर बसली तर ती भिंतीत घुसू शकते. अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात, वार खाली असलेल्या ज्या बायकांचं तिसरं सिझर होतं, त्यांच्यातल्या शंभरात चाळीसजणींची वार अशी रुतलेली होती. अशा बाईला रक्तपेढी असलेल्या मोठ्या रुग्णालयातच न्या, तारीख आधी ठरवून न्या. सरकारी रुग्णालयात सिझर आणि रक्त मोफत मिळतं. खर्चाला घाबरून घरी ठेवू नका.

सिझरनंतर काहींना आणखी एक त्रास होतो, डागांचा. पाळी संपली तरी पुढे कितीतरी दिवस काळपट डाग पडत राहतात, कपडा बदलावा लागतो, बाई कुणाला बोलत नाही. ‘चालायचंच’ म्हणू नका, तिला विचारा. ही खाचेची खूण असू शकते. खाच आहे पण त्रास काहीच नाही, तर बहुधा उपचारही नको. उगाच ऑपरेशन सांगितलं तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. त्रास असेल तर हार्मोनच्या गोळ्या किंवा दुर्बिणीतून खाचेची कड काढणं बहुतेकदा पुरतं. भिंत फार पातळ असेल आणि मूल हवं असेल, तर ती पुन्हा शिवता येते.

नवरोबा, सासूबाई, तुम्हालाही सांगणं आहे. पुढच्या मुलाची घाई करू नका, निदान दीड-दोन वर्षं जाऊ द्या. सिझरचं डिस्चार्ज कार्ड शोधून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. गर्भाशयावरचा काप आडवा होता की उभा, हे त्यावर लिहिलेलं असू शकतं आणि पुढचं बाळंतपण कसं करायचं ते बरंचसं या कापावरच ठरतं. कार्ड हरवलं असेल तर रुग्णालयातून नक्कल मागा. शेवटच्या महिन्यांत टाक्यांच्या जागी सतत दुखलं, रक्त गेलं, बाळाची हालचाल मंदावली, तर सकाळची वाट पाहू नका. त्याच क्षणी १०८ ला फोन करा आणि पहिलं वाक्य बोला, ‘आधीचं सिझर आहे.’