सुधारणा कशाची करावयाची?

आषाढात पन्हाळ्यावर ढग थेट घरात शिरतात. तीन दरवाजापासून सज्जाकोठीपर्यंत सारा गड दिवसच्या दिवस धुक्यात बुडालेला असतो. वाळत घातलेले कापड आठवडाभर वाळत नाही आणि पुस्तकांच्या पुठ्ठ्यांवर पांढुरकी बुरशी धरते. अशाच एका संध्याकाळी गडावर एका स्नेह्यांच्या घरी बैठक जमली होती. कित्येक लाख रुपये खर्चून त्यांनी तबकड्या वाजविण्याचे उंची यंत्र तेथे मांडले आहे, आणि आता पुढची सुधारणा कोणती करावी, हा वाद चालला होता. एकाच्या मते नवे कार्ट्रिज घ्यावे, दुसऱ्याच्या मते नवा टोनआर्म. तिसऱ्यांना तर ॲम्प्लिफायर बदलल्यावाचून तरणोपायच दिसेना. वाद दोन तास रंगला. तेवढ्या अवधीत एकाही रसिकाने तबकडी पाकिटातून काढून उजेडात धरली नाही. आम्ही धरली, तेव्हा तिच्यावर बुरशीची जाळी स्पष्ट दिसली.

हा प्रकार एका घरापुरता असता, तर आम्ही लेखणी उचलली नसती. परंतु यंत्राची किंमत वाढली म्हणजे श्रवण सुधारले, ही समजूत आमच्या सुशिक्षित वर्गात झपाट्याने पसरत आहे, आणि ती केवळ खर्चिक नसून विघातक आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

या मंडळींचे आवडते सूत्र ‘उगम प्रथम’ हे होय. स्कॉटलंडातील लिन कंपनीने १९७० च्या दशकात ते लोकप्रिय केले. सुईने खाचेतून जे उचललेच नाही, ते पुढचा कोणताही ॲम्प्लिफायर निर्माण करू शकत नाही, असा त्याचा आशय. तत्त्व आम्हांस पूर्ण मान्य आहे. मात्र त्यावरून ‘म्हणून अधिक महाग टर्नटेबल घ्या’ हा जो निष्कर्ष काढला जातो, तो व्यापाऱ्याच्या सोयीचा आहे. टर्नटेबलाच्याही आधी तबकडीची खाच आहे. खरा उगम तीच. आणि तीच मळलेली असेल, तर पुढची सारी श्रीमंती तो मळ अधिक स्पष्ट ऐकविण्याच्या कामी येते.

आमच्या आजोबांच्या पिढीला हे कळत होते. चावीच्या ग्रामोफोनला पोलादी सुई असे आणि दर बाजूला ती बदलावी, हा घरोघरीचा शिरस्ता होता. आमची सुई हिऱ्याची झाली, म्हणून ती झिजतच नाही असे आम्ही गृहीत धरून बसलो! झिजलेला हिरा खाच कुरतडतो. दीर्घवादन तबकडीच्या सुईचे टोक जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीस लागणाऱ्या टोकाच्या सुमारे एक चतुर्थांश असते. ती सुई जुन्या तबकडीवर ठेवली, तर खाचेच्या तळाशी साठलेल्या धुळीतून फरफटत जाते. वेग शेकडा सहाने वाढला, तर काळी एकमध्ये गाणारी गायिका पांढरी दोनमध्ये गाऊ लागते. हे दोष काढण्यास लाखभर रुपये लागत नाहीत. पाणसळ, सुईचा भार मोजणारा लहानसा काटा, कोन जुळविण्याचा छापील कागद, योग्य सुई आणि एक रिकामी दुपार एवढे पुरते.

या उपदेशाचा अधिकार आम्हांस स्वतःच्या पापातून मिळाला आहे. तरुणपणी आम्ही घरची एक जुनी तबकडी स्पिरिटाने पुसली. ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्या लाखेच्या असतात, आणि सुतार पॉलिशसाठी लाख स्पिरिटातच विरघळवितो, ही साधी गोष्ट त्या वेळी आम्हांस सुचली नाही. ती तबकडी पुन्हा मिळाली नाही.

खरा प्रश्न येथेच आहे. यंत्र पुन्हा विकत मिळते. झिजलेली खाच मिळत नाही. ज्या कोल्हापुरात शाहू महाराजांनी अल्लादियाखाँसाहेबांना आश्रय दिला, त्या परिसरात तरी हे सांगावे लागू नये. खाँसाहेबांनी स्वतःची ध्वनिमुद्रिका मागे ठेवली नाही. त्यांची विद्या आम्हांस ऐकू येते ती केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर अशा शिष्यांच्या तबकड्यांतून. केसरबाईंची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेली. पाठविणाऱ्यांनी त्या तबकडीसोबत कार्ट्रिज व सुई ठेवली आणि वेष्टनावर सुई कशी ठेवावी, एक फेरी किती वेळात व्हावी, याच्या खुणा कोरल्या. परग्रहावरील श्रोत्यांसाठी जी काळजी घेतली गेली, ती आम्ही पन्हाळ्यावरील दिवाणखान्यात घेत नाही!

‘पैसा आमचा, हौस आमची, तुम्हांला काय त्याचे?’ असे कोणी विचारील. हौसेला आमचा विरोध नाही. टोनआर्मचे बेअरिंग खिळखिळे झाले असेल, तर तो अवश्य बदलावा. जुन्या तबकड्या पुष्कळ असतील, तर ७८ फेऱ्यांचे व वेग कमी-जास्त करता येणारे यंत्र घेणे हा सत्कारणी खर्च होय, कारण त्या तबकड्यांपैकी कित्येक नेमक्या ७८ वेगाने मुद्रित झालेल्याच नव्हत्या. आमचे म्हणणे क्रमाविषयी आहे. आधी तबकड्या डिस्टिल्ड पाण्याने धुवाव्या, बुरसटलेली पाकिटे टाकून द्यावी, तबकड्या कोरड्या कपाटात उभ्या ठेवाव्या. मग सुई पारखावी, भार व कोन जुळवावे, लाकडी जमीन हादरत असेल तर यंत्र भिंतीतल्या फळीवर न्यावे. एवढे करून महिनाभर ऐकावे. त्यानंतरही जो दोष उरेल, त्याचे नाव ज्याला सांगता येईल, त्याने खुशाल बाजाराची वाट धरावी. ज्याला ते सांगता येत नाही, त्याने तो पैसा आणखी गाणे ऐकण्यात खर्चावा.

त्या संध्याकाळी आम्ही ती तबकडी मागून घेतली, धुतली आणि रात्रभर सुकू दिली. सकाळी त्याच यंत्रावर, त्याच कार्ट्रिजने, गायिकेच्या मागचा तंबोरा ऐकू आला. यजमान म्हणाले, ‘हा यात होता होय?’