हवा नाही म्हणे!

डिसेंबर २०२३ मध्ये नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी सवाल केला होता, पीएचडी करून काय दिवे लावणार? बराच गदारोळ झाला. पण मंडळी, खरं सांगा, आपल्या कट्ट्यावर आणि लग्नाच्या पंगतीत आपण वेगळं काय बोलतो? अमक्याची मुलगी उपग्रहाला लागणाऱ्या हवेवर पीएचडी करते म्हटलं की हशा ठरलेला. अवकाशात कुठली आली हवा?

मला या हशाचा राग येतो. कारण हवा तिथे असते! वातावरण म्हणजे घराचं छप्पर नव्हे, इथे संपलं म्हणायला. ते वर वर विरळ होत जातं. अडीचशे किलोमीटरवर ते जमिनीपेक्षा अब्जावधी पट विरळ असतं. पण उपग्रह तिथून सेकंदाला पावणेआठ किलोमीटर वेगाने धावतो. त्या वेगात तुरळक कणसुद्धा ब्रेक लावतात. त्यात सूर्य खवळला की वरची हवा तापून फुगते. १९७९ साली 'स्कायलॅब' डोक्यावर पडणार म्हणून आपल्याकडे उडालेली घबराट माझ्या वयाच्या लोकांना आठवत असेल. ती अंदाजाआधीच खाली आली, ती या फुगलेल्या हवेमुळे. फेब्रुवारी २०२२ मध्ये स्टारलिंकच्या ४९ पैकी ३८ उपग्रहांचा घास याच हवेने घेतला. त्याच वर्षी ७ ऑगस्टला इस्रोच्या नव्या एसएसएलव्हीने उपग्रह चुकीच्या कक्षेत सोडले, पृथ्वीपासून अवघ्या ७६ किलोमीटरपर्यंत खाली येणाऱ्या. सरकारी शाळांतल्या ७५० मुलींच्या हातचा 'आझादीसॅट' त्यात गेला.

मग मुद्दाम खाली जायचंच कशाला? ५०० किलोमीटरवरून जो कॅमेरा दिंडोरीची द्राक्षबाग दाखवतो, तोच २५० वरून ती दुप्पट बारकाईने दाखवतो, म्हणून. जपानचा 'त्सुबामे' २०१९ साली इंजिनाच्या जोरावर १६७.४ किलोमीटर उंचीवर टिकून दाखवून गेला.

आता संशोधक काय करतात? हवेचा कण उपग्रहाच्या अंगावर आदळला की चेंडूसारखा उसळतो, की क्षणभर चिकटून भलत्याच दिशेला सुटतो, हे शोधतात. पृष्ठभाग कशाचा, किती गुळगुळीत, यावर ते अवलंबून. आणि उपग्रह किती दिवस जगणार, हे त्यावर. यात कुणाची चार-पाच वर्षं गेली तर ती वाया गेली म्हणायची?

प्रश्न जरूर विचारा, पैसा आपला आहे. उचलेगिरी करून लिहिलेले प्रबंधही असतात, तेही पकडा. पण पकडायलासुद्धा प्रबंध उघडावा लागतो. नुसत्या शीर्षकाला हसणं ही चिकित्सा नव्हे, तो आळस आहे. त्या मुलीला एवढंच विचारा, "बाई, तुला काय सापडलं, मराठीत सांगशील?" ती सांगेल. ऐकायची तयारी हवी.