पावसाचं बिल कुणाच्या नावावर?

बालमित्रांनो, आज एक कोडं सोडवा पाहू!

एका शहरात दोन शेजारी होते. पहिली होती एक उंच इमारत. जागा बेताचीच, पण माणसं पुष्कळ. त्यामुळे नळाचं मीटर चांगलं मोठं. दुसरं होतं गाड्या उभ्या करायचं मैदान. सगळीकडे डांबर, आणि नळ एकसुद्धा नाही! आता धो धो पाऊस आला. गटारात जास्त पाणी कुणाचं जाईल? आणि गटारांचा खर्च नळाच्या मीटरवरून वसूल होत असेल, तर पैसे कोण भरेल?

बरोबर! पाणी मैदानाचं आणि पैसे इमारतीचे.

तुम्ही म्हणाल, असं कुठे असतं का? पण अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात खरोखरच असं चालायचं. पावसाच्या पाण्याचा आकार तिथे मीटर केवढं आहे, ते बघून ठरत असे. मीटरच नाही, तर बिलही नाही!

आता थोडं गणित करू. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला, की बरोबर एक लिटर पाणी जमतं. मैदान ४० मीटर लांब आणि ५० मीटर रुंद आहे असं समजा. म्हणजे २,००० चौरस मीटर. त्यावर २५ मिलिमीटर पाऊस पडला, तर झालं ५०,००० लिटर पाणी! दहा हजार लिटरचे पाच टँकर! माती असती तर यातलं बरंचसं पाणी जिरलं असतं. डांबर मात्र थेंबही पीत नाही. सगळं पाणी धावतं गटाराकडे.

फिलाडेल्फियाची अडचण तर आणखी मोठी. शहराच्या सुमारे ६० टक्के भागात सांडपाणी आणि पावसाचं पाणी एकाच नळातून जातं. जोराचा पाऊस झाला की हा नळ तुडुंब भरतो आणि घाण पाणी डेलावेअर आणि स्कूलकिल या नद्यांत शिरतं. शहराला प्यायचं पाणी मिळतं तेही याच दोन नद्यांतून, बरं का! म्हणजे हा नुसता हिशेबाचा प्रश्न नव्हता.

मग २०१० साली शहरानं हिशेब बदलला. विमानातून काढलेले फोटो पाहून दुकानं, कारखाने, कचेऱ्या यांच्या जागा मोजल्या. जागा एकूण किती आणि तिच्यावर छप्पर, डांबर, काँक्रीट किती, ते ठरवलं. आकारातला ८० टक्के भाग या कडक जमिनीवर आणि २० टक्के एकूण जागेवर. मैदानाला आता बिल आलं, आणि उंच इमारतीचं उतरलं!

अर्थात, ओरड झालीच. ज्यांचा धंदा लहान पण अंगण मोठं, त्यांची बिलं एकदम फुगली असती. म्हणून नवा हिशेब चार वर्षांत हळूहळू लागू केला. शाळा आणि प्रार्थनास्थळं यांनाही आकार द्यावा लागतो. कारण हा कर नाही, सेवेचं मोल आहे. छप्पर देवळाचं असो की दुकानाचं, पाणी सारखंच वाहतं ना!

पण खरी गंमत पुढेच आहे. आपल्या जागेवरचं पाणी जो तिथेच अडवेल, जिरवेल, त्याचं बिल कमी होतं. मग कुणी गच्चीवर हिरवळ लावली, कुणी खोलगट बाग केली, कुणी पाणी झिरपणारी फरशी घातली. २०११ पासून शहरानं स्वतःही २५ वर्षांची योजना हाती घेतली, ती अशाच हिरव्या उपायांची. केवळ मोठमोठे बोगदे खणत बसण्यापेक्षा जागोजागी थोडं थोडं पाणी थांबवायचं, हा त्यामागचा विचार.

आता सांगा, सगळं न्याय्य झालं का? नाही! घरांना तिथे सरसकट एकच आकार आहे. चिमुकल्या घराला जेवढा, तेवढाच ऐसपैस बंगल्याला. एकेक घर मोजायचं तर खर्च आणि कटकट वाढते. पण जर्मनीतल्या बर्लिन शहराला ते जमलं. तिथे २००० सालापासून कडक जागेच्या चौरस मीटरप्रमाणे वेगळा आकार घेतात. सोपा हिशेब चांगला की बिनचूक हिशेब? विचार करा.

आणि हो, एक गृहपाठ! आई-बाबांना बरोबर घ्या आणि तुमच्या इमारतीची गच्ची, वाहनं लावायची जागा, शाळेचं पटांगण मोजा. लांबी गुणिले रुंदी, गुणिले वर्तमानपत्रात दिलेला मिलिमीटरमधला पाऊस. आलं उत्तर लिटरमध्ये! मग बघा, त्यातलं किती पाणी मातीत जातं आणि किती गटारात. गटारात जाणाऱ्या पाण्याचे पैसे कुणी द्यायचे, यावर जेवताना घरात जरूर वाद घाला. वाद घालताना आकडे मात्र हाताशी ठेवा हं!