अपडेट अडकलं? आधी मेसेज वाचा, मग कमांड मारा



लायसन्सचा खर्च वाचावा म्हणून बरेच जण दुकानातल्या जुन्या कॉम्प्युटरवर उबुंटू टाकतात. निर्णय चांगलाच आहे. पण अपडेट करताना एरर आली की काही जण अपडेट कायमचं सोडून देतात, तर काही जण इंटरनेटवर दिसेल ती कमांड चिकटवतात. माझं स्पष्ट मत आहे, दोन्ही गोष्टी धंद्याला महागात पडतात. गिऱ्हाइकाची तक्रार आपण ऐकून घेतो ना? मग सिस्टीमची पण ऐका.

'कुड नॉट गेट लॉक' म्हणजे मागे दुसरं अपडेट चालू आहे. दहा मिनिटं थांबा. लॉकची फाइल उडवण्याचा सल्ला मिळेल, पण तो ऐकू नका. दोन प्रोग्रॅम एकदम घुसले तर पॅकेजची नोंदच बिघडू शकते.

'नॉट व्हॅलिड येट' आलं तर तारीख बघा. जुन्या मदरबोर्डवरची छोटी बॅटरी संपली की घड्याळ मागे जातं. तारीख नीट करा, बॅटरी बदला. नाहीतर बिलावरही चुकीची तारीख छापली जाईल!

मध्येच लाइट गेली होती? मग 'डीपीकेजी वॉज इंटरप्टेड' दिसेल. पुढे काय करायचं ती कमांड त्याच मेसेजमध्ये असते. तेवढीच चालवा.

'४०४' आलं तर आधी 'अपडेट' चालवून यादी ताजी करा, मग 'अपग्रेड'. तरीही जमत नसेल तर आवृत्ती तपासा. एलटीएस नसलेल्या उबुंटूला फक्त ९ महिने सपोर्ट असतो, नंतर तिची पॅकेजेस नेहमीच्या सर्व्हरवरून हलवतात. धंद्यासाठी एलटीएसच घ्या, तिला ५ वर्षं मिळतात. पण ती मुदतही संपते. २०२० च्या २०.०४ आवृत्तीची मे २०२५ मध्ये संपली.

"चालतंय ना, मग हात कशाला लावायचा?" असं अनेकांना वाटतं. पण सुरक्षेची भोकं अपडेटनेच बुजतात, आणि त्या मशीनमध्ये तुमची उधारी, स्टॉक, गिऱ्हाइकांचे नंबर आहेत.

म्हणून दुकान बंद असतं तो वार ठरवा. आधी डेटा पेनड्राइव्हवर घ्या, मग अपडेट करा. गल्ल्यावर गर्दी असताना मात्र अजिबात नाही!