उदास मन आणि आठ आठवड्यांचा अभ्यास

आमचे धाकटे बंधु कांहीं वर्षांपूर्वीं तिसऱ्यांदा औदासीन्याच्या आजारानें अंथरुणास खिळले. तेव्हां वडीलकीच्या नात्यानें आम्हीं त्यांस जो उपदेश केला, त्याची आज आम्हांस लाज वाटते. "सकाळीं देवापुढें तासभर डोळे मिटून बस, मन आपोआप शांत होईल," असें आम्हीं सांगितलें. आमच्या हिंगोली जिल्ह्यांत नरसी हें नामदेवांचें गांव. नामस्मरणावर येथील लहानथोरांची श्रद्धा. त्यामुळें हा उपदेश घरांत सर्वांसच निर्दोष वाटला. बंधु मुकाट्यानें बसूं लागले. पंधरा दिवसांनीं ते म्हणाले, "दादा, तुम्ही सांगतां म्हणून मी बसतों, पण डोळे मिटले कीं माझ्या चुकांची यादी सुरू होते. तास संपतो, यादी संपत नाहीं." त्याच महिन्यांत प्रकृति अधिक बिघडली, आणि मग कोठें मानसोपचारतज्ज्ञांकडे जाणें झालें. औषधानें त्यांस उतार पडला.

आमच्या उपदेशांत काय चुकलें, याचा उलगडा आम्हांस पुढें झाला. बंधु बरे झाल्यावर डॉक्टरांनीं त्यांस आठ आठवड्यांचा एक शिक्षणक्रम सुचविला. सजगतेवर आधारलेला विचारोपचार असें त्याचें नांव मराठींत सांगतां येईल. ध्यान आणि उदासीनता यांची सांगड वाचकांच्या घरींहि अनेकदां घातली जात असेल. म्हणून वाचून व पाहून जें आम्हांस समजलें तें येथें मांडतों.

या उपचाराचें मूळ बौद्ध ध्यानांत आहे. इगतपुरीस १९७६ पासून असलेल्या धम्मगिरि केंद्रामुळें विपश्यना हा शब्द महाराष्ट्रास परिचित आहेच. बौद्ध परंपरेंतील हीच सजगता अमेरिकेंतील जॉन कबाट-झिन यांनीं धर्माच्या चौकटीबाहेर आणून १९७९ पासून दीर्घ दुखण्याच्या रोग्यांस शिकविण्यास आरंभ केला. पुढें झिंडेल सीगल, मार्क विल्यम्स व जॉन टीसडेल या तीन मानसशास्त्रज्ञांनीं तिची विचारोपचाराशीं जोड घालून उदासीनतेच्या रुग्णांसाठीं तिला निराळें रूप दिलें. जुनी साधना प्रयोगाच्या कसोटीस लावणें आपल्याकडेहि नवें नाहीं. स्वामी कुवलयानंदांनीं १९२४ मध्यें लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापिलें, तें याच दृष्टीनें.

या तिघांपुढील प्रश्न असा होता कीं, बरा झालेला माणूस पुन्हा पुन्हा आजारी कां पडतो? दुःखाचा प्रसंग कोणास चुकलेला नाहीं. निरोगी माणसाची खिन्नता येते व जाते. परंतु ज्यास हा आजार होऊन गेला आहे, त्याच्या मनांत लहानशी खिन्नताहि जुने विचार जागे करते. मी नालायक आहें, माझ्यामुळें घरास त्रास होतो, पुढें कांहीं बरें होणार नाहीं, असे ते विचार असतात. बैलगाडीचें चाक जुन्या चाकोरींत पडावें, तसें मन त्यांत पडतें. मग मनुष्य विचार करूनच त्यांतून बाहेर पडूं पाहतो, आणि त्या रवंथानें खिन्नता वाढत जाते.

या रवंथाचा मेंदूशीं असलेला संबंध आतां बराच उमगला आहे. माणूस विशेष कांहीं काम करीत नसतां मेंदूचे कांहीं भाग उलट अधिक चालतात, हें अमेरिकेंतील मार्कस रेचल व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २००१ मध्यें दाखवून दिलें. कपाळामागील मध्यरेषेलगतचा भाग आणि मेंदूच्या पाठीमागील मध्यभाग हे त्यांतील मुख्य. स्वतःविषयींचे विचार, गेल्या गोष्टींच्या आठवणी आणि उद्यांची काळजी यांची कथा या जाळ्याच्या आधारानें गुंफली जाते. उदासीनतेंतील रवंथाचा संबंध याच जाळ्याशीं असल्याचें अनेक प्रयोगांत आढळलें आहे. आम्हीं बंधूंस नुसतें रिकामें बसविलें, म्हणजे या कथेकऱ्यास तासभर मोकळें रान दिलें.

मेंदूंत दुसरीहि एक व्यवस्था आहे. बाजूच्या घडींत दडलेला इन्सुला नांवाचा भाग श्वास, हृदयाचे ठोके, पोटांतील कालवाकालव अशा शरीराच्या खबरा घेतो. टोरांटो येथील नॉर्मन फार्ब प्रभृतींनीं २००७ मध्यें असें दाखविलें कीं, आठ आठवडे शिकलेल्या माणसांनीं या क्षणीं जें जाणवतें त्याकडे लक्ष दिलें, तर मध्यरेषेचा भाग मंदावतो आणि इन्सुला व त्याच्या जोडीचे भाग काम करूं लागतात. न शिकलेल्यांत मात्र या दोन व्यवस्था एकमेकींत गुंतलेल्या आढळल्या. २०१० च्या प्रयोगांत दुःखद चित्रपटांतील प्रवेश दाखविले, तेव्हां शिकलेल्यांसहि इतरांइतकेंच वाईट वाटलें; मेंदूचा प्रतिसाद मात्र वेगळा होता.

शिक्षणाचा पहिला धडा बेदाण्याचा असतो. एक बेदाणा हातांत घ्यावयाचा, निरखावयाचा, हुंगावयाचा आणि सावकाश चावावयाचा. पुढें पायाच्या बोटांपासून मस्तकापर्यंत एकेका अवयवाकडे लक्ष नेणें, श्वास पाहणें, आणि दिवसांतून कांहीं वेळां तीन मिनिटें थांबणें असा क्रम आहे. मन भटकतेंच, तें भटकलें हें ओळखून, स्वतःस न रागावतां, त्यास श्वासाकडे आणावयाचें. पातंजल योगांतील द्रष्टा आणि वृत्ति यांचा भेद जाणणाऱ्यांस हें परकें वाटणार नाहीं. मात्र दोहोंचें ध्येय एक नव्हे. एक मोक्षमार्ग आहे, दुसरा आजार परतूं नये म्हणून केलेला उपाय. बंधु आतां म्हणतात, "यादी अजून येते, दादा, पण ती आली एवढें मला कळतें, आणि मी श्वासाकडे वळतों."

या उपचाराची मर्यादाहि सांगितली पाहिजे. २००० सालीं प्रसिद्ध झालेल्या पहिल्या मोठ्या चांचणींत १४५ रुग्ण होते. तीन किंवा अधिक वेळां आजारी पडलेल्यांपैकीं नेहमींचे उपचार घेणाऱ्या शेंकडा ६६ जणांस साठ आठवड्यांत आजार परतला. हा अभ्यास केलेल्यांत तेंच प्रमाण शेंकडा ३७ होतें. दोनच वेळां आजारी पडलेल्यांस मात्र फायदा दिसला नाहीं. २०१५ मध्यें इंग्लंडांतील ४२४ रुग्णांच्या चांचणींत, हा अभ्यास करून डॉक्टरांच्या देखरेखीखालीं औषध कमी करणारे आणि औषध चालू ठेवणारे यांच्यांत दोन वर्षांत फारसें अंतर पडलें नाहीं. ध्यानानें मेंदूचा आकारच बदलतो, असें २०११ च्या एका छोट्या प्रयोगावरून पुष्कळ बोललें गेलें. २०२२ मध्यें दोनशेंहून अधिक लोकांवर केलेल्या प्रयोगांत आठ आठवड्यांनीं तसा बदल आढळला नाहीं.

यावरून कुटुंबांतील वडील माणसांनीं एवढें ध्यानांत घ्यावें. ज्याची झोप व भूक गेली आहे, जो जगण्यास कंटाळला आहे, त्यास "ध्यान कर" म्हणून एकटें बसवूं नये. आधीं डॉक्टरांकडे न्यावें. विपश्यनेच्या शिबिरांचे चालकहि तीव्र मानसिक आजार असणाऱ्यांस शिबिरास येऊं नका असेंच सांगतात. हा अभ्यास बरें वाटूं लागल्यावर, जाणत्या शिक्षकापाशीं करावयाचा. औषध कधीं कमी करावें, हें डॉक्टरांनीं ठरवावें, सासऱ्यांनीं किंवा थोरल्या भावानें नव्हे. तज्ज्ञ दूर असल्यास सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा विनामूल्य दूरध्वनि ऑक्टोबर २०२२ पासून आहे. त्यावर मराठींतहि बोलतां येतें. हा क्रमांक आम्हीं आमच्या देवघराशेजारच्या भिंतीवर लिहून ठेवला आहे.